घराला विजेचं गेट बसवायचंय? आधी खर्चाचा हिशेब नीट समजून घ्या



सोसायटीत कामानिमित्त येणारे बरेच जण सध्या एकच प्रश्न विचारतात. घराच्या गेटला मोटर बसवायला किती खर्च येतो? विचारणंही बरोबर आहे. आपल्या धंद्याला घड्याळ नाही. रात्री दोनला माल घेऊन पिकअप दारात येते, तेव्हा गेट उघडायला घरातल्या कुणाला तरी झोपेतून उठावं लागतं. पावसात तर अजूनच हाल. गाडीतूनच बटण दाबलं आणि गेट उघडलं, तर कुणाला नको आहे?

पण दुकानात गेल्यावर जो आकडा सांगतात तो बहुतेक वेळा फक्त मोटरचा असतो. काम पूर्ण होईपर्यंत खर्च त्याच्या तिप्पट होतो. मग भाव उतरवा म्हटलं की जे सामान गाळलं जातं, ते नेमकं लहान मुलांचा जीव वाचवणारं असतं. म्हणून हा लेख. बसवा किंवा बसवू नका, ते तुमच्यावर आहे. पण हिशेब पूर्ण मांडून ठरवा.

आधी गेट कोणतं ते ठरवा

दोन प्रकार आहेत. एक सरकतं, म्हणजे रुळावरून बाजूला जाणारं. दुसरं दोन पाखांचं, दारासारखं आत उघडणारं.

सरकत्या गेटला एकच मोटर लागते. पण बाजूला भिंतीलगत मोकळी जागा हवी. १२ फुटांचं तोंड असेल तर गेट सरकून जायला साधारण १४ फूट जागा धरा. दोन पाखांच्या गेटला प्रत्येक पाखाला एक, म्हणजे दोन मोटरी लागतात. शिवाय आतली जमीन चढाची असेल तर पाखं जमिनीला घासतात. गेट रस्त्याच्या बाजूला उघडायचं असं कुणी सुचवलं तर ऐकू नका. जाणाऱ्या-येणाऱ्याला लागेल, आणि रस्ता आपला नाही.

आपली पिकअप, त्यावर बर्फाच्या पेट्या, कधी ट्रॉलीवर होडी असं सगळं आत घ्यायचं असतं. त्यामुळे गेटची रुंदी गाडी बघून ठरवा, शेजाऱ्याचं गेट बघून नाही.

खर्चाचा नमुना

१२ फुटांच्या तोंडाला लोखंडी सरकतं गेट, उंची ५ फूट, वजन १८० किलो असं धरू. खालचे आकडे म्हणजे बाजारभाव नव्हेत. हिशेब कसा मांडायचा, एवढंच दाखवण्यासाठी ते घेतलेत. तुम्हाला मिळालेल्या कोटेशनचे आकडे त्या जागी घाला.

• गेट तयार करणं, १८० किलो, किलोला १२० रुपये: २१,६००
• प्रायमर आणि रंग: ४,५००
• रुळाचा पाया, खोदाई, काँक्रीट, रूळ: १२,०००
• मोटर, कंट्रोल कार्ड, दोन रिमोट: २८,०००
• गेटला लावायची दात्यांची पट्टी, म्हणजे रॅक: ३,०००
• फोटोसेलची जोडी आणि लुकलुकणारा दिवा: ४,०००
• केबल, पाईप, वेगळा एमसीबी, आरसीसीबी, अर्थिंग: ९,०००
• विजेच्या झटक्यापासून कार्ड वाचवणारं सर्ज प्रोटेक्टर: २,५००
• बसवण्याची मजुरी: ६,०००

बेरीज ९०,६००. बिलावर १८ टक्के जीएसटी धरला तर आणखी १६,३०८. एकूण १,०६,९०८ रुपये.

आता बघा, यात मोटर २८,००० ची. म्हणजे करापूर्वीच्या खर्चाच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षाही कमी. बाकीचं सगळं गेट, पाया, वायरिंग आणि सुरक्षा. म्हणून ‘अठ्ठावीस हजारात गेट’ असं कुणी म्हणालं, की पहिला प्रश्न विचारा: यात काय काय नाही?

आपल्या भागातली अडचण: माती आणि वीज

हुबळीच्या आसपास बऱ्याच ठिकाणी काळी माती आहे. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात. वरवर खोदून रूळ बसवला तर वर्षभरात तो वर-खाली होतो, खांब कलतो, गेट अडकतं. मोटर मग अडकलेलं गेट ओढत राहते आणि जळते. लोक म्हणतात मोटर खराब निघाली. खरं तर पाया खराब असतो. काळ्या मातीत पाया खोल घ्या, खाली मुरूम भरून नीट ठोकून घ्या, आणि दोन्ही खांब खालून काँक्रीटच्या एकाच पट्टीने जोडा. इथे दोन-चार हजार जास्त गेले तरी चालतील.

किनाऱ्यावरच्या आपल्या नातलगांची अडचण वेगळी. कारवार, अंकोला, मालवण, वेंगुर्ले या बाजूला खारा वारा लोखंड खातो. होडीचे खिळे कसे गंजतात ते आपल्याला सांगायला नको. तिथे नुसत्या रंगावर भागत नाही. गरम जस्तात बुडवून काढलेलं, म्हणजे गॅल्व्हनाइज केलेलं गेट घ्या, नट-बोल्ट स्टेनलेसचे वापरा आणि कार्डाची पेटी घट्ट बंद होणारी असू द्या. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा माणसं घरी असतात आणि घरची कामं काढतात. पण भर पावसात पाया खोदू नका. पाया पावसाआधी किंवा पाऊस संपल्यावर करा.

आता वीज. वळवाच्या पावसात विजा कडाडतात, हेस्कॉमची लाईट जाते-येते, आणि त्या झटक्यात कंट्रोल कार्ड उडतं. सर्ज प्रोटेक्टर आणि चांगलं अर्थिंग हा वायफळ खर्च समजू नका. पावसात भिजणाऱ्या लोखंडाला आपण वीज जोडतोय. त्यामुळे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. गळती झाली की तो लाईन तोडतो.

लाईट गेल्यावर काय, हेही आधीच विचारा. २४ व्होल्टची मोटर असेल तर सोबतच्या बॅटरीवर काही वेळ चालते. ती बॅटरी दोन-चार वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च धरून ठेवा. २३० व्होल्टची मोटर असेल तर मोटरवरची किल्ली फिरवून गेट हाताने ढकलायचं. ही किल्ली कुठे आहे आणि कशी फिरवायची, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही माहीत हवं. रात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तेव्हा किल्ली शोधत बसता येत नाही.

विजेचं बिल किती वाढेल?

याची भीती उगाच आहे. घरगुती सरकत्या गेटची मोटर साधारण ३७० वॅटची, म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरची असते. एकदा उघडून बंद व्हायला ४४ सेकंद धरा. दिवसातून १० वेळा गेट हललं तर महिन्याला दीड युनिटही होत नाही. कार्ड मात्र चोवीस तास चालू असतं. ते ५ वॅटचं धरलं तरी महिन्याला साडेतीन युनिटच्या वर जातं. दोन्ही मिळून पाच युनिट. घरच्या सिंगल फेज कनेक्शनवर हे आरामात चालतं.

तारिहाळ औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांची मोठमोठी गेटं बघून कुणी जुनी, वापरलेली मोटर स्वस्तात आणतो म्हणाला, तर थांबा. कारखान्याची मोटर जड गेटासाठी असते, बऱ्याचदा थ्री फेजची असते. घरच्या हलक्या गेटला तिचा जोर फार होतो. हा जोरच घातक.

पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नका

२०१० साली ब्रिटनमध्ये मँचेस्टर आणि ब्रिजेंड या दोन ठिकाणी, एका आठवड्याच्या आत, दोन लहान मुली विजेच्या गेटात सापडून मेल्या. त्यानंतर तिथल्या सरकारी सुरक्षा खात्याने गेट बसवणाऱ्यांना सूचना काढल्या. आपल्याकडेही सरकतं गेट रुळावरून सुटून अंगावर पडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. गेट म्हणजे पावणेदोनशे किलो लोखंड, आणि आपली पोरं गेटाला लोंबकळूनच खेळतात. म्हणून या पाच गोष्टी कोटेशनमध्ये लिहून घ्या.

१. रुळाच्या दोन्ही टोकांना पक्के स्टॉपर. मोटरचा लिमिट स्विच बिघडला तरी गेट रुळाबाहेर जाता कामा नये.

२. गेट आडवं पडू नये म्हणून वरच्या बाजूला आधाराचे रोलर, मजबूत ब्रॅकेटमध्ये.

३. फोटोसेल जमिनीपासून दीड-दोन फुटांवर. छातीच्या उंचीवर लावला तर खालून जाणारं लहान मूल त्याला दिसतच नाही.

४. अडथळा लागला की उलटं फिरणारी मोटर, आणि तिचा जोर कमीत कमी लावलेला. युरोपच्या ईएन १२४५३ या मानकात बंद होणाऱ्या कडेचा दाब ४०० न्यूटनच्या आत, म्हणजे अंदाजे ४० किलोच्या आत ठेवायला सांगितलंय.

५. गेटचे गज जिथे खांबाजवळून सरकतात तिथे जाळी. त्या फटीत हात घातला आणि गेट हललं, तर हात वाचत नाही.

पैसे देण्याआधी दोन चाचण्या

पहिली, मोटर लावण्याआधी. आपला मासे तोलायचा लटकता स्प्रिंग काटा गेटाला अडकवा आणि हळू ओढा. १८० किलोचं गेट आठ-दहा किलोच्या ओढीत सरकायला हवं. पंधरा-वीस किलो लागले तर चाकं किंवा रूळ बरोबर नाही. ते आधी दुरुस्त करून घ्या. हाताला जड जाणारं गेट मोटरलाही जडच जातं.

दुसरी, मोटर लावल्यावर. बंद होणाऱ्या गेटाच्या वाटेत मासळीची रिकामी थर्माकोलची पेटी ठेवा. पेटी फोटोसेलच्या किरणाच्या खाली राहू द्या. गेटने पेटीला लागून लगेच मागे फिरलं पाहिजे. पेटी चेपली किंवा फुटली, तर जोर कमी करून घ्या. मग फोटोसेलसमोर पेटी धरून वेगळं बघा, गेट न लागताच थांबलं पाहिजे. ही चाचणी हाताने किंवा पायाने करू नका, आणि दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा करा. शेवटचा हप्ता या दोन्ही चाचण्या झाल्यावरच द्या.

आत्ता पैसे नसतील तर

सगळं एकदम करायलाच हवं असं नाही. नवं घर किंवा नवी भिंत बांधत असाल तर पाया पक्का करा, गेट नीट तोललेलं बसवा, आणि घरापासून गेटापर्यंत जमिनीखालून केबलसाठी रिकामा पाईप टाकून ठेवा. आज थोड्या पैशात होतो. नंतर फरशी फोडावी लागते. चांगल्या चाकांवरचं गेट एका हाताने सरकतं. ते दोन-चार वर्षं तसंच वापरा, मोटर पुढे कधीही लावता येते.

कर्ज काढून लावायचं असेल तर घरात एकदा बसून बोला. जाळं आणि इंजिन पैसे कमावून देतात. गेट सोय देतं, कमाई देत नाही. सोयही लागते, पण हंगाम बघून.

निदान दोन ठिकाणांहून कोटेशन घ्या. प्रत्येक वस्तू वेगळी लिहिलेली, जीएसटी धरून की सोडून ते स्पष्ट, आणि दुरुस्तीला कोण व किती दिवसांत येणार हेही लिहिलेलं. कोटेशन समजत नसेल तर सोसायटीत घेऊन या, बसून वाचू. आणि हा लेख घर बांधायला काढलेल्या नातलगांना जरूर पाठवा.

आपला,
सचिव