अश्वशक्तीचा आकडा आणि घाटाची चढण

बालाघाटहून बैहरकडे जाणारा रस्ता घाट चढून पठारावर पोहोचतो. स्वस्त स्कूटर घेऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने माहितीपत्रकातील अश्वशक्तीचा आकडा अशा चढणीच्या हिशेबाने पारखून घ्यावा.

७५ किलोग्रॅम वजन एका सेकंदात एक मीटर उंच उचलण्याचे सामर्थ्य म्हणजे एक अश्वशक्ती. विजेच्या मापाने सुमारे ७३५ वॉट. ‘सी. सी.’ हा आकडा सिलिंडरचे आकारमान सांगतो, शक्ती नव्हे. ११० सी. सी.च्या साध्या पेट्रोल स्कूटरला सुमारे ८ अश्वशक्ती लाभते. परंतु ती इंजिनाचे मिनिटाला सुमारे ८,००० फेरे होत असतानाच. फेरे उतरले की शक्तीही उतरते.

आता स्कूटर व दोन माणसे मिळून वजन २५० किलोग्रॅम आणि चढण १५ मीटरला १ मीटर अशी धरावी. ताशी ३० किलोमीटर वेग राखावयाचा, तर केवळ वजन वर नेण्यातच जवळजवळ १.९ अश्वशक्ती खर्ची पडते; वाऱ्याचा व चाकांचा विरोध निराळाच. परवाना व नोंदणी यांतून सूट असलेल्या विजेच्या स्कूटरची मोटार मात्र २५० वॉटहून कमी, म्हणजे जेमतेम एक तृतीयांश अश्वशक्तीची असते. एवढे ओझे ती त्या चढणीवर फार तर पायी चालणाऱ्याच्या गतीने नेईल.

यास्तव खरेदीपूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत: ही शक्ती किती फेऱ्यांवर मिळते, ती क्षणभराची की अखंड, आणि आपले नित्याचे ओझे व वाट कोणती?