नळी चुकली तर?

आमच्या आत्याबाईंचे वय ऐंशीच्या घरात. जिना चढताना त्यांना धाप लागू लागली, तेव्हा घरात कोणी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. 'वय झाले' एवढे म्हटले की आपल्याकडे सगळ्या दुखण्यांचा उलगडा होतो! पण एके सकाळी देवघरासमोरच त्या घेरी येऊन पडल्या, आणि मग डॉक्टरांनी निदान केले : महारोहिणीच्या तोंडाशी असलेली हृदयाची झडप आकसली आहे.

ही झडप म्हणजे हृदयाचा पुढचा दरवाजा. निरोगी माणसात ती उघडली की तीन ते चार चौरस सेंटिमीटरांची वाट मोकळी होते. वार्धक्यात तिच्या पाकळ्यांवर कॅल्शियमची पुटे चढतात आणि दुखणे बळावले की ती वाट एक चौरस सेंटिमीटरहूनही कमी उरते. दिवसाकाठी सुमारे लाखभर ठोके देणाऱ्या हृदयाला या किलकिल्या दारातून साऱ्या देहाचे रक्त ढकलावे लागते. औषधाने हे दार उघडत नाही. झडपच बदलावी लागते.

उपाय दोन. एक, छाती उघडून शस्त्रक्रिया. दुसरा, जांघेतल्या रोहिणीतून नळी वर सरकवायची आणि तिच्या टोकाशी घडी घालून ठेवलेली नवी झडप जुन्या झडपेत नेऊन उघडायची. आत्याबाईंनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, "आणि नळी चुकली तर?"

मी पडलो मराठीचा प्राध्यापक. हृदयाशी माझा संबंध काव्यापुरता! पण घरात तो प्रश्न कोणाला झोपू देईना, म्हणून मी वाचायला बसलो.

हृदयात नळी घालण्याचे पहिले धाडस एका तरुण जर्मन डॉक्टराने केले, तेही स्वतःवर. १९२९ साली वेर्नर फोर्समान याने आपल्याच दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी आत सरकवली आणि तशीच ती घेऊन तो जिना उतरून क्ष-किरणांच्या खोलीत गेला. वरिष्ठांनी त्याला वेड्यात काढले. १९५६ साली त्याच कामासाठी त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

पुढची गोष्ट डेन्मार्कच्या हेनिंग अँडरसन यांची. अरुंद झालेल्या रोहिण्या धातूच्या जाळीने रुंदावतात, असे एक व्याख्यान त्यांनी १९८९ साली अमेरिकेत ऐकले. त्यांच्या मनात आले, याच जाळीत झडप शिवली तर? त्यांनी खाटकाकडून डुकरांची हृदये आणली, हाताने तारा वाकवल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात एका डुकराच्या देहात अशी झडप बसवून दाखवली. माणसापर्यंत पोहोचायला मात्र १६ एप्रिल २००२ हा दिवस उजाडावा लागला. फ्रान्समधील रुआँ येथे डॉ. आलँ क्रिबिए यांनी ५७ वर्षांच्या एका अत्यवस्थ रुग्णाला ती बसवली. पायांच्या रोहिण्या बुजलेल्या, म्हणून ते शिरेतून शिरले आणि हृदयातला पडदा ओलांडून झडपेपाशी गेले. तो रुग्ण सुमारे चार महिन्यांनी इतर व्याधींनी वारला. झडपेने मात्र आपले काम बजावले होते.

आता त्या नळीकडे वळू. तिच्याकडून परस्परविरोधी गुणांची अपेक्षा असते. ती बारीक हवी, पण तिच्यात झडप मावली पाहिजे. ती लवचीक हवी, पण ढकलली की दुमडता कामा नये. म्हणून तिचे अंग तिपेडी असते. आतला थर आपल्या नॉन-स्टिक तव्यासारखा गुळगुळीत. मधे पोलादी तारांची वेणी, म्हणजे हाताशी दिलेला पीळ टोकापर्यंत पोहोचतो. आणि बाहेर प्लास्टिकचे आवरण, हाताकडे कडक व टोकाकडे मऊ.

सुरुवातीच्या नळ्या ८ मिलिमीटरांच्या आसपास जाड होत्या. जांघेतली रोहिणी कित्येकांची तेवढीही रुंद नसते; ती फाटण्याचे भय असे. आज प्रवेशनलिकेचा आतला व्यास ५ मिलिमीटरांच्याही आत आला आहे. एका तऱ्हेत तर फुगा आणि झडप नळीवर मागेपुढे ठेवतात, आणि महारोहिणीच्या सरळ भागात पोहोचल्यावर फुगा झडपेत ओढून घेतात. वाटेत दोहोंची जाडी एकावर एक चढत नाही! पुढे महारोहिणीची कमान लागते. तिथे नळी भिंतीला खरवडत गेली, तर सुटलेला कण मेंदूत जाऊन अर्धांगवायू व्हायचा. म्हणून मुठीतली कळ फिरवली की आतली तार ताणली जाते आणि नळी आपणहून कमानीसारखी वाकते.

खरी कसोटी अखेरच्या काही मिलिमीटरांची. झडप फार वर बसली, तर हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या रोहिण्यांची तोंडे झाकण्याची भीती. फार खाली बसली, तर ठोक्यांचा विद्युत्संदेश नेणारे तंतू दाबले जातात. आणि हे सारे धडधडत्या हृदयात! म्हणून फुगा फुगवताना काही सेकंद हृदयाला मिनिटाला १८० किंवा त्याहून अधिक ठोके द्यायला लावतात. ते नुसते थरथरते, रक्ताचा लोट थांबतो, आणि तेवढ्यात झडप बसवतात. फुग्याने उघडलेली झडप पुन्हा मिटत नाही. नायटिनॉल या मिश्रधातूची जाळी मात्र थंडीत चेपली जाते आणि देहाच्या उबेत मूळ आकार धरते. वरचे म्यान हळूहळू मागे घ्यायचे. जागा चुकली असे दिसले, तर ठरावीक मर्यादेपर्यंत ती पुन्हा म्यानात घेता येते. आम्हा लेखकांच्या भाषेत, ही छपाईपूर्वी मुद्रिते तपासण्याची सोय!

आपल्या सीमेला लागून असलेल्या वापीतही अशी झडप बनते. 'मायव्हाल' तिचे नाव. २०१८ साली तिला भारतात परवानगी मिळाली. चपलांच्या दुकानात जसा साडेसात नंबर मिळतो, तशी तिची मापे दीड-दीड मिलिमीटरांनी वाढत जातात.

एवढे वाचून मी आत्याबाईंना खरे तेच सांगितले, "नळी चुकू शकते. पण ती कुठे कुठे चुकेल याचाच विचार करून ती घडवलेली आहे." त्या म्हणाल्या, "मग हरकत नाही. चुकणारच नाही म्हणाला असतास, तर मी गेले नसते."

खर्च काही लाखांचा झाला. भावंडांनी तो वाटून घेतला. झडप उत्तम बसली, परंतु ते विद्युत्तंतू थोडे दाबले गेलेच आणि दोन दिवसांनी पेसमेकरही बसवावा लागला. आम्ही हिरमुसलो, तर आत्याबाईच आमची समजूत घालू लागल्या, "अरे, नवे दार बसवले की घंटीची तारही बदलावी लागायचीच!"

यंदा चकलीची भाजणी बरोबर झाली की नाही हे पाहायला त्या दोन जिने चढून आमच्याकडे आल्या. भाजणीत त्यांनी खोट काढली. पण धाप लागली नव्हती.