कानानं ऐका, तोंडानं सांगा



आमच्या बचत गटाच्या बैठकीत हप्ते, व्याज आणि नवीन कर्ज हे विषय ठरलेले असतात. पण गेल्या वर्षी एका ताईंनी वेगळंच विचारलं, "पोरीला नीट द्यायचीय. क्लासची फी काही आमच्याच्यानं होत नाही. मोबाइलवर धडे ऐकून अभ्यास होतो म्हणतात, खरं का?" उत्तर कुणाकडेच नव्हतं. मग चार आया आणि तीन मुली मिळून आम्ही करूनच पाहिलं. त्यातून जे कळलं, ते आज सांगतो.

आधी परीक्षा समजून घेऊ. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठी नीट द्यावी लागते. २०२५ मध्ये तिला १८० प्रश्न होते आणि वेळ १८० मिनिटं. भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९०. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा, सोडून दिलं तर शून्य. एकूण ७२० गुणांपैकी ३६० एकट्या जीवशास्त्राचे. ऐकण्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, तोही याच विषयाला. कारण त्यात नावं, क्रम, व्याख्या आणि अपवाद लक्षात ठेवायचे असतात.

सुरुवातीला आमचं चुकलं. मुलींनी तासतासाचे तयार धडे फोनमध्ये उतरवून घेतले. भाकरी थापताना, धुणं धुताना धडे चालू. सगळं ओळखीचं वाटायला लागलं. महिन्यानं जीवशास्त्राच्या ९० प्रश्नांची चाचणी घेतली. एकीचे ३१ बरोबर आले आणि ४० चुकले. गुण झाले ८४. पोर रडायलाच लागली. "मी तर सगळं ऐकलं होतं," म्हणाली.

तिथं आमचे डोळे उघडले. ओळखीचं वाटणं वेगळं आणि वेळेला आठवणं वेगळं. शेजारणीनं पुरण कसं शिजवलं ते दहा वेळा ऐकलं, म्हणून आपल्या हातची पोळी फुटायची थांबत नाही.

मग पद्धत बदलली. मुली स्वतःच धडे तयार करायला लागल्या. एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. त्यातला भाग आधी वाचायचा, समजून घ्यायचा. मग फोनच्या रेकॉर्डरवर आपल्याच आवाजात प्रश्न विचारायचा, दहा सेकंद गप्प राहायचं आणि नंतर उत्तर बोलायचं. उदाहरणार्थ, "धमन्यांमधून बहुतेक ऑक्सिजनयुक्त रक्त वाहतं. मग हृदयाकडून ऑक्सिजन कमी असलेलं रक्त नेणारी धमनी कोणती?" थांबा. "पल्मोनरी आर्टरी. ती रक्त फुप्फुसांकडे नेते." समजावणं मराठीत, पण शास्त्रीय नावं पुस्तकात आहेत तशीच.

ऐकताना त्या दहा सेकंदांत उत्तर मोठ्यानं बोलायचं. नुसतं मनात म्हटलं, तर आपण आपल्यालाच फसवतो. एक धडा आठ-दहा मिनिटांचाच ठेवायचा. आज ऐकलेला उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा ऐकायचा. चुकलेले प्रश्न वेगळे रेकॉर्ड करायचे.

कानानं होत नाही ते कामही सांगतो. भौतिकशास्त्राची गणितं वहीत सोडवल्याशिवाय येत नाहीत. रसायनांच्या रचना हातानं काढाव्या लागतात. जीवशास्त्राच्या आकृत्या डोळ्यांनी पाहाव्या लागतात. सूत्रं तेवढी ऐकून पक्की होतात.

तयार धडे घ्यायचे तर ते कधीचे आहेत ते बघा. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमातले काही भाग वगळलेत. जुन्या धड्यांत ते असतात आणि पोरी उगाच पाठ करत बसतात. अर्ज भरताना प्रश्नपत्रिकेची भाषाही विचारतात. मराठी निवडता येते, पण मूळ इंग्रजी आणि भाषांतरात फरक पडला, तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. म्हणून इंग्रजी नावं कानाला सवयीची हवीतच.

घरात एकच फोन असेल तर त्याची वेळ ठरवून द्या. धडे उतरवून ठेवले की ऐकताना नेट लागत नाही. रस्त्यानं चालताना मात्र दोन्ही कानांत बोंड्या घालू देऊ नका.

आता आयांसाठी. आमच्यातल्या एका मावशींना इंग्रजी वाचता येत नाही. तरी त्या रोज रात्री लेकीच्या धड्याचं बटण दाबतात, प्रश्न झाला की धडा थांबवतात आणि म्हणतात, "हं, सांग." लेकीनं सांगितलं की पुढचं ऐकवून ताळा करतात. एवढ्यानं अभ्यासाला माणूस मिळतं.

आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. कानात धडा आहे, म्हणून पोरीच्या हातात आणखी काम दिलं जायचं. "ऐकतेयस ना, मग तेवढी भांडीही घास." असं करू नका. ऐकणं ही उजळणी झाली. वहीसमोर बसायचा वेळ तिला वेगळा द्यायलाच हवा. आम्ही चौघींनी संध्याकाळी सात ते नऊ मुलींना कामाला हात लावू दिला नाही. भांडी भावांनी घासली, काही बिघडलं नाही.

तीन महिन्यांनी त्याच मुलीनं पुन्हा चाचणी दिली. ५२ बरोबर, १९ चूक, गुण १८९. अजून पल्ला लांब आहे. पण या वेळी ती रडली नाही. चुकलेले १९ प्रश्न रेकॉर्ड करायला बसली.

तुमच्या गटात अशी कुणी मुलगी असेल, तर पुढच्या बैठकीत हप्त्यांसोबत तिच्या अभ्यासाच्या वेळेचंही विचारा.