पुण्याच्या बीअरला गुण देताना

2009 साली पुण्यात ‘डूलाली’ सुरू झाली. सुकेतू तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी यांनी ऑलिव्हर शाउफ हा जर्मन ब्रूमास्टर गाठला आणि कोरिंथियन्स हॉटेलात ताजी बीअर मिळू लागली. तोवर वऱ्हाडातल्या आमच्या अंजनगाव सुर्जीतच काय, पुण्यातही बीअर म्हणजे ‘माइल्ड की स्ट्राँग’ एवढाच सवाल. बाटली इतकी गार मिळायची की जीभ बधिर व्हायची, चवीचा प्रश्नच नव्हता.

पहिलं आश्चर्य म्हणजे हेफेवाइत्सेन ही गव्हाची बीअर. रंग गढूळ, वर दाट फेस आणि पेला नाकाशी नेला की पिकल्या केळ्याचा, मागून लवंगेचा वास. आमचा सगळा भाग केळीचा, त्यामुळे हा वास ओळखायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. बीअरमध्ये ना केळं असतं ना लवंग. गव्हाच्या माल्टवर काम करणारं यीस्टच तो वास घडवतं. महाराष्ट्रात ही बीअर जितकी नेमकी जमली तितकी दुसरी कुठलीच नाही, असं माझं ठाम मत आहे.

2014च्या सुमारास मैदान खुलं झालं. मुंढव्यात ‘इंडिपेंडन्स ब्रूइंग कंपनी’ आली. डोंबिवलीच्या ‘गेटवे’ने तर वेगळीच वाट धरली: बीअर स्वतःच्या कारखान्यात करायची आणि पिंपं मुंबईच्या पबांना पुरवायची. त्यांची ‘व्हाइट झेन’ ही गव्हाची बीअर अशीच घरोघरच्या, म्हणजे पबोपबीच्या, नळांवर पोचली. गुण देण्याची खरी कसोटी इथे लागते, कारण एकाच पिंपातली बीअर दोन पबांत दोन चवींची निघू शकते. नळी धुतलेली नसेल तर आंबूस झाक येते. पिंप शिळं झालं असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. वितळलेल्या लोण्याचा किंवा उकडलेल्या कणसाचा वास आला तर मात्र दोष बहुतेक वेळा बनवणाऱ्याचा. म्हणून एका पेल्यावर कारखान्याला नापास करू नये.

जगभरच्या स्पर्धांत चालणारी 50 गुणांची पद्धत मला पटते: वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडातल्या स्पर्शाला 5, एकूण परिणामाला 10. रूपाला फक्त 3! पबात मात्र लोक फोटो काढून रूपालाच सगळे गुण देऊन मोकळे होतात. आयपीए या हॉप्सच्या कडसर बीअरमध्येही नुसत्या कडूपणाला दाद मिळते. हॉप्सचा संत्र्याच्या सालीसारखा सुगंध हरवला असेल तर मी गुण कापतो.

2020च्या टाळेबंदीत पब ओस पडले, तेव्हा राज्याने ग्राउलरमधून, म्हणजे झाकणाच्या मोठ्या बाटलीतून, ताजी बीअर घरी न्यायला परवानगी दिली. अनेक ब्रूअर मंडळींचा जीव त्यावर तगला.

या सगळ्या प्रवासात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते मातीकडे वळणं. पुण्याच्या ‘ग्रेट स्टेट एलवर्क्स’ने कोकम आणि मीठ बीअरमध्ये आणलं, ‘मूनशाइन’ने 2018पासून मधाचं मीड रुजवलं. कोकण पेल्यात आलं, वऱ्हाड अजून यायचं आहे. अंजनगाव सुर्जीच्या मळ्यांत पानपिंपरी पिकते. मिऱ्यापेक्षा गोडसर, उशिरा चढणारा तिचा तिखटपणा काळ्या, भाजक्या माल्टच्या स्टाउटला शोभेल. पुण्याच्या ब्रूअर मंडळींनो, हिवाळ्यात एकदा आमच्या मळ्यात या आणि पोतंभर घेऊन जा.