होडी उलटवून जिंकायची शर्यत

जपानच्या ओकिनावा बेटावरच्या इतोमान गावी ‘हारे’ म्हणजे होड्यांच्या शर्यतींचा सण. तो चांद्र पंचांगातल्या पाचव्या महिन्याच्या चौथ्या दिवशी येतो; आपल्याकडे बहुधा ज्येष्ठ शुद्ध चतुर्थी. मग वार कुठलाही असो. उत्तरेच्या नाहा शहरानं आपल्या शर्यती मे महिन्याच्या सुट्ट्यांत नेल्या. तिथल्या होड्यांना ड्रॅगनची मुंडकी, एकेका होडीत ४२ माणसं, किनाऱ्यावर तोबा गर्दी. इतोमानचे कोळी मात्र तिथी सोडत नाहीत. मला हा हट्ट पटतो, कारण त्यांची होडीही मिरवण्यासाठी घडलेली नाही.

तिचं नाव साबानी. पूर्वी ती एकाच खोडातून कोरत. अठराव्या शतकात तिथल्या तेव्हाच्या र्‍युक्यू राज्यानं मोठी झाडं तोडण्यावर निर्बंध घातले, तेव्हा सुतार फळ्या जोडू लागले. सांध्यात लोखंड नाही: बांबूचे खिळे, आणि फळीला फळी धरून ठेवणारे डमरूच्या आकाराचे लाकडी तुकडे. वरून शार्कच्या यकृताचं तेल चोपडायचं. होडी अरुंद, त्यामुळे पळते झकास आणि कलंडतेही पटकन. पण जुने कोळी वादळात तिला मुद्दाम उलटी करत, तिच्या आधारानं तग धरत आणि वारा पडला की सुलटी करून घरी येत.

‘कुन्नुकासे’ ही शर्यत त्यातूनच आली. निम्म्या वाटेत खूण होते आणि सगळे वल्हेकरी होडी पालथी घालून पाण्यात. मग ती सुलटी करायची, लाकडी भांड्यानं भराभरा पाणी उपसायचं, एकेकानं आत चढायचं आणि पुन्हा वल्ही मारायची. चढताना एकाच बाजूला भार पडला की होडी परत उलटते. नुसत्या दंडाच्या जोरावर इथे कुणी जिंकत नाही.

पहिली शर्यत देवाची. पश्चिमेची, मधली आणि नवी अशा तीन वाड्या ती खेळतात आणि निकाल हाकुगिन्दो देवस्थानात जाऊन सांगतात. शेवटची सर्वांत लांब, २,१५० मीटरची. मधल्या वेळात बंदरात बदकं सोडतात आणि पोरं ती पकडायला उड्या टाकतात. माझ्या मते खरी धमाल तीच.

दुसऱ्या दिवशी मात्र समुद्रात बुडालेले लोक शर्यत लावतात, असं ओकिनावातले कोळी मानतात आणि त्या दिवशी होड्या लोटत नाहीत.

आता रोजच्या मासेमारीला फायबरच्या, इंजिनाच्या बोटी असतात. त्या कुणी मुद्दाम उलटवत नाही. साबानी घडवणारे सुतारही थोडेच उरलेत.