मोठा माणूस अचानक भेटतो तेव्हा

आपल्या चाळीत, वस्तीत प्रत्येक घरी अशी एक तरी गोष्ट असतेच. कुणाच्या मामाला दादर स्टेशनच्या पुलावर नामवंत नट दिसला होता. कुणाच्या वडिलांनी मैदानाच्या फाटकाबाहेर एका फलंदाजाशी हात मिळवला होता. कुणाची आत्या ज्या इस्पितळात आया होती, तेथे एकदा मोठी गायिका तपासणीला आली होती. पंचवीस वर्षे झाली तरी ती गोष्ट जेवताना हमखास निघते. सांगणाऱ्याचा चेहरा उजळतो, पोरे डोळे विस्फारून ऐकतात आणि शेवटी एकच प्रश्न विचारतात, "मग तो काय बोलला?" बहुतेक वेळा उत्तर येते, "काही नाही, हसला आणि गेला."

पूर्वी अशा वेळी माणूस खिशातला कागद पुढे करून सही मागायचा. आता मोबाईल पुढे करतो. फोटो निघतो, दोन दिवस साऱ्या नातेवाइकांना पाठवला जातो आणि मागे पडतो. यात वाईट काही नाही. आवडत्या माणसाला जवळून पाहण्याचा आनंद खराच असतो. परंतु वाचकहो, अशा अचानक भेटीत याहून पुष्कळ मोठे काही घडू शकते. कधी मोठा माणूस साध्या माणसाला देतो, कधी साधा माणूस मोठ्याला देतो, तर कधी भेट होऊनही ओळख पटत नाही. मुलाबाळांसह वाचाव्यात अशा काही खऱ्या घटना येथे देत आहे.

चोरीला गेलेली सायकल

अमेरिकेत केंटकी राज्यात लुईव्हिल नावाचे शहर आहे. १९५४ सालच्या ऑक्टोबर महिन्यात तेथे बारा वर्षांचा एक काळा मुलगा मित्राबरोबर प्रदर्शन पाहायला गेला. वडिलांनी घेऊन दिलेली लाल-पांढऱ्या रंगाची नवी कोरी सायकल त्याने बाहेर लावली होती. परत येऊन पाहतो तो सायकल गायब! मुलगा रडकुंडीला आला. कुणीतरी सांगितले, याच इमारतीच्या तळघरात एक पोलीस आहे, त्याच्याकडे तक्रार कर.

तळघरात जो मार्टिन नावाचा गोरा पोलीस नोकरी सांभाळून मुलांना मुष्टियुद्ध शिकवीत असे. ते शहर तेव्हा वर्णभेदाने दुभंगलेले होते. मार्टिनच्या व्यायामशाळेत मात्र काळी आणि गोरी, दोन्ही मुले येत. मुलगा संतापून म्हणाला, चोर सापडू द्या, त्याला बडवून काढतो. मार्टिनने शांतपणे विचारले, तुला लढता येते का? आधी शिकून तर घे.

मुलगा शिकायला आला. दीडएक महिन्यात पहिली लढत खेळला आणि जिंकला. १९६० साली रोम ऑलिंपिकमध्ये त्याने सुवर्णपदक मिळवले. १९६४ साली सोनी लिस्टनला हरवून तो जगज्जेता झाला. त्याचे नाव होते कॅशियस क्ले. पुढे साऱ्या जगाने त्याला मुहम्मद अली या नावाने ओळखले. ती सायकल मात्र कधीच सापडली नाही.

ही भेट झाली तेव्हा दोघांपैकी कुणीही प्रसिद्ध नव्हते, हे ध्यानात घ्या. पोलिसाने तक्रार लिहून घेतली असती आणि "बघू" म्हणून मुलाला वाटेला लावले असते, तरी कुणी त्याला दोष दिला नसता. त्याने फक्त एक प्रश्न जास्त विचारला. आपल्यापैकी कुणी शाळेत शिपाई आहे, कुणी दवाखान्यात वॉर्डबॉय, कुणी बसमध्ये कंडक्टर, कुणी माझ्यासारखा कारकून. आपल्यासमोरही रोज पोरे येऊन उभी राहतात, तक्रारी करतात, रडतात. त्यांच्यातले कोण पुढे काय होईल, हे आज कोण सांगणार?

नवव्या मजल्यावरचा तरुण

याच अलीच्या आयुष्यातली दुसरी एक भेट. १९ जानेवारी १९८१ चा दिवस, लॉस एंजेलिस शहर. एकवीस वर्षांचा एक तरुण एका इमारतीच्या नवव्या मजल्यावर बाहेरच्या बाजूला उभा राहून जीव देण्याची भाषा करीत होता. पोलीस आले, मानसोपचारतज्ज्ञ आले, धर्मोपदेशक आले. सर्व जण समजावून थकले. अलीचा छायाचित्रकार मित्र हॉवर्ड बिंगहॅम योगायोगाने तेथे जवळपास होता. त्याने अलीला फोन लावला.

अली काही मिनिटांत गाडी घेऊन हजर झाला. धावत वर गेला आणि खिडकीतून बाहेर वाकून त्या तरुणाशी बोलू लागला. त्याला आपला भाऊ म्हणाला. सुमारे अर्धा तास हे बोलणे चालले. अखेर त्या तरुणाला धरून त्याने आत घेतले, खाली आणले, आपल्या गाडीत बसवले आणि इस्पितळापर्यंत सोबत केली.

त्या वेळी अली ३९ वर्षांचा होता. तीनच महिन्यांपूर्वी लॅरी होम्सकडून त्याचा दारुण पराभव झाला होता. त्याचा सुवर्णकाळ सरला आहे, असे सारे म्हणत होते. पण त्या खिडकीत जगज्जेतेपदाच्या पट्ट्याचा काही उपयोग नव्हता. उपयोगी पडले ते थांबणे, ऐकणे आणि भाऊ म्हणणे. आपल्या शेजारी कुणी असा खचलेला दिसला, तर अलीची वाट पाहत बसायचे कारण नाही. शेजारी जाऊन बसणे, त्याचे ऐकून घेणे आणि त्याला डॉक्टरकडे नेणे, एवढे आपल्यालाही जमते.

इमारतीखालचा जमाव

आता आपल्या मुंबईत येऊ. १९९३ साल आठवले की आजही जुन्या माणसांच्या अंगावर काटा येतो. त्या अशांत दिवसांत सुनील गावस्कर आपल्या घरच्या मंडळींसह इमारतीच्या गच्चीवर उभे होते. खाली एका कुटुंबाला जमावाने घेरलेले दिसले. जमावाचा हेतू बरा नव्हता. गावस्कर धावत खाली गेले आणि जमावासमोर उभे राहिले. या कुटुंबाचे जे काही करायचे असेल ते आधी माझे करा, असे त्यांनी बजावले. जमाव वरमला आणि ते कुटुंब सुखरूप निघून गेले.

गावस्करांनी या गोष्टीचा गवगवा केला नाही. त्यांचे चिरंजीव रोहन यांनी २०१६ साली मुंबईच्या क्रीडा पत्रकारांच्या समारंभात ती सांगितली, तेव्हा ती सर्वांना कळली. म्हणजे मधली तेवीस वर्षे गेली! कसोटी क्रिकेटमधील गावस्करांच्या १०,१२२ धावा आणि ३४ शतके आपल्या पोरांना तोंडपाठ असतात. वेस्ट इंडीजच्या वेगवान गोलंदाजांना त्यांनी हेल्मेटशिवाय तोंड दिले, हेही ठाऊक असते. पण त्या दिवशी हातात बॅट नव्हती, पायाला पॅड नव्हते आणि टाळ्या वाजवायला कुणी नव्हते. त्या कुटुंबाला प्रसिद्ध माणूस असा भेटला. सही मागण्याचे त्या वेळी कुणाला सुचले असेल काय?

चेन्नईची कॉफी

आतापर्यंत मोठ्या माणसाने काय दिले ते पाहिले. आता उलट बाजू पाहू.

सचिन तेंडुलकर कसोटी सामन्यासाठी चेन्नईत होता आणि ताज कोरोमंडल हॉटेलात उतरला होता. त्याने कॉफी मागवली. त्या निमित्ताने हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याची गाठ पडली. तो म्हणाला, परवानगी असेल तर क्रिकेटबद्दल एक बोलायचे आहे. सचिनने बोला म्हटले. कर्मचाऱ्याने सांगितले की, तुम्ही कोपराला संरक्षक पट्टा बांधता तेव्हा तुमची बॅट फिरवण्याची पद्धत थोडी बदलते. सचिनचा प्रत्येक चेंडू तो पाच-पाच, सात-सात वेळा मागे नेऊन पाहत असे.

सचिन चकित झाला. ही गोष्ट त्याने स्वतः कुणाला सांगितली नव्हती आणि दुसऱ्या कुणाच्या लक्षात आली आहे, असे त्याला वाटत नव्हते. मैदानावरून खोलीवर परतल्यावर त्याने तो पट्टा नव्याने बनवून घ्यायचे ठरवले. मापे बदलली, आतला कापूस किती असावा, बंद कुठे असावेत, हे सारे बदलले. २०१९ च्या डिसेंबरमध्ये सचिनने ही हकिकत जाहीरपणे सांगितली आणि त्या माणसाला पुन्हा भेटण्याची इच्छा व्यक्त केली. लोकांनी शोध घेतला आणि तो माणूस सापडलाही.

या गोष्टीत दोघांचेही कौतुक केले पाहिजे. कर्मचाऱ्याने तोंडदेखली स्तुती केली नाही. जे डोळ्यांनी पाहिले आणि बुद्धीने पारखले, ते आदराने, आधी विचारून सांगितले. आणि सचिनने, "हा हॉटेलातला नोकर मला काय शिकवणार?" असे म्हटले नाही. ज्ञान कुणाकडे आहे हे माणसाच्या गणवेशावरून ठरत नाही, हे दोघांनी मिळून दाखवले. आपण किती वेळा मोठ्या माणसासमोर उगाच आकसून उभे राहतो! हातातला रुमाल चुरगाळतो, "आम्हाला काय कळते साहेब" म्हणतो. ज्याने लक्ष देऊन पाहिले आहे, त्याला कळते.

ओळख न पटलेला माणूस

शेवटची गोष्ट जरा चटका लावणारी आहे. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत त्यांनी कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतरचे वैयक्तिक पदक टेनिसपटू लिअँडर पेसने मिळवले ते १९९६ साली, म्हणजे तब्बल ४४ वर्षांनी! खाशाबा गावी परतले तेव्हा शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती.

पुढे १९५५ साली ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून रुजू झाले आणि बरीच वर्षे त्यांनी नोकरी केली. १९८४ साली रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. मला नेहमी वाटते, त्या सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत किती माणसे तक्रार घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिली असतील? हरवलेले पाकीट, शेजाऱ्याशी भांडण, पळून गेलेला पोरगा. आपण ऑलिंपिक पदकवीराशी बोलतो आहोत, हे त्यांतल्या कितींना कळले असेल?

आमच्या कार्यालयाच्या खिडकीवरही एकदा असेच घडले. एक वृद्ध गृहस्थ अर्ज घेऊन रांगेत उभे होते. व्यवसायाच्या रकान्यात त्यांनी "निवृत्त गिरणी कामगार" असे लिहिले होते. मागे उभ्या असलेल्या एका माणसाने त्यांना ओळखले आणि मोठ्याने म्हणाला, "अहो, हे आमच्या गिरणीच्या कबड्डी संघाचे कप्तान! यांच्या चढाया पाहायला आम्ही जेवण सोडून जायचो." रांगेतले सारे वळून पाहू लागले. कुणी बसायला खुर्ची आणली, कुणी पाणी दिले. म्हातारबाबा ओशाळून हसले आणि मला म्हणाले, "साहेब, आधी पावती द्या, मग काय ते बोलू." मी पावती दिली. नंतर दुपारच्या सुट्टीत ते अर्धा तास बसले आणि पकड कशी करायची ते खुर्चीवर बसल्या बसल्या हातांनी दाखवत राहिले. आमच्या तरुण सहकाऱ्यांना त्या दिवशी जेवणाची आठवण राहिली नाही.

आपण काय करावे

तेव्हा पालकांनी मुलांना चार गोष्टी सांगाव्यात. प्रसिद्ध माणूस भेटला तर ताठ उभे राहून, हसून नमस्कार करावा. पायांवर लोळण घेऊ नये आणि अंगचटीलाही जाऊ नये. तो घाईत असेल, जेवत असेल, मुलाबाळांसोबत असेल तर त्याला त्याच्या वाटेने जाऊ द्यावे. तोही माणूस आहे, थकतो.

बोलायची संधी मिळालीच तर फोटोच्या आधी एक प्रश्न विचारावा. तुम्ही रोज किती वेळ सराव करत होता? हरल्यावर पुन्हा कसे उठलात? अशा प्रश्नाला मिळालेले उत्तर फोटोपेक्षा जास्त दिवस टिकते. आणि त्याच्या कामाबद्दल आपल्याला खरोखर काही सुचले असेल, तर चेन्नईच्या त्या माणसाप्रमाणे सभ्यपणे सांगावे.

आणखी एक गोष्ट मोठ्यांसाठी. आपल्याच चाळीत, शेजारच्या गल्लीत कुणी जुना पैलवान असेल, कुणी राज्य पातळीवर धावलेली बाई असेल, कुणी शाहीर असेल, कुणी गिरणीच्या संघातला खेळाडू असेल. त्यांना भेटण्यासाठी योगायोगाची गरज नाही. येत्या रविवारी मुलांना घेऊन त्यांच्या घरी जावे. सोबत वही-पेन न्यावे. ते सांगतील ते मुलांनी लिहून घ्यावे आणि खाली तारीख घालावी.