मॉरिस मायनरचें पुढील चाक

अलेक इसिगोनिस यांनीं आंखलेली मॉरिस मायनर मोटार १९४८ सालीं इंग्लंडांत अवतरली. तिची निर्मिति थांबून अर्धशतक उलटलें, तरी हौशी लोक ती अद्याप चालवितात. तिचें नाजुक स्थान पुढील चाकापाशीं आहे. चाक ज्या उभ्या किंगपिनवर वळतें, तिच्या खालच्या टोंकास आटे असून तें ट्रनियन नांवाच्या ठोकळ्यांत फिरतें. गाडीचा भार हा ठोकळा सतत खालीं ओढीत असतो. म्हणजे सारी भिस्त आट्यांवर! वंगणावांचून ते झिजले, कीं एके दिवशीं पिन सुटून चालत्या गाडीचें चाक आडवें पडतें.

गाडी उचलून चाक वरखालीं धरून हलवावें. दुसऱ्यानें सांध्याकडे पाहावें. पिन डुलली तर दोन्ही भाग एकदमच बदलावेत. नव्या ठोकळ्यांत जुनी पिन घालण्याची काटकसर मला पटत नाहीं. उजव्या-डाव्या बाजूंचे आटे परस्परविरुद्ध असतात, हेंहि ध्यानांत असावें. टॉर्शन बार ही पिळलेली पोलादी कांब. सांधा सोडण्यापूर्वीं खालच्या बाहूस जॅकचा भक्कम टेका द्यावा, नाहींतर तो झटक्यानें खालीं येऊन हात चिरडील. शेवटीं ग्रीस भरावें, तें चाक अधांतरीं ठेवून. भार असतां दाबल्या बाजूस तें पोंचत नाहीं.